आम्ही कोणासाठी शिकलो?

येशूसंघीय फादरांच्या शाळेत शिकलेले आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. आम्ही एकत्र आलो की विषय ठरलेले: वहीच्या माथ्यावर लिहायची 'ए. एम. डी. जी.' ही अक्षरे (देवाच्या अधिक गौरवासाठी), शिस्त, फुटबॉल, आणि त्या शिक्षणावर लागलेली नोकरी.

३१ जुलै १९७३ रोजी, संत इग्नेशियसच्या सणादिवशी, स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे अशाच माजी विद्यार्थ्यांपुढे येशूसंघाचे तेव्हाचे सुपीरियर जनरल फादर पेद्रो अरुपे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी मांडला आणि उत्तरही स्वतःच दिले: नाही. शिकलेला माणूस इतरांसाठी जगणारा हवा, हे त्यांचे म्हणणे. श्रोत्यांत सुखवस्तू घरांतले बरेच होते. अनेकांना ते झोंबले.

आम्हाला वाटते, झोंबायलाच हवे. १५४८ साली सिसिलीत मेसिना येथे सुरू झालेल्या संघाच्या शाळेत फी नव्हती. आज प्रवेशाच्या दिवसांत नातेवाईक आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे शिफारसपत्र मागायला येतात. देतोही आम्ही, आपलीच माणसे! पण घरकाम करणाऱ्या बाईंना असे पत्र असते हेच ठाऊक नसते. त्यांच्या मुलासाठी शब्द कोणी टाकायचा? फादरांनी, की त्यांच्याकडे शिकलेल्या आम्ही?

येत्या प्रवेशाच्या वेळी आम्ही काही जण रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात अर्ज भरून द्यायला बसणार आहोत. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना जरूर घेऊन या.