गाण्यातला शब्द कोणी खोडावा?

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलींनी एक जुनी कव्वाली बसवली होती. तालमीच्या दिवशी कागद आमच्या हाती आला. त्यात एका ओळीत 'शराब' हा शब्द होता. समोर पालक बसणार, कमिटीचे मेंबर बसणार, मौलानासाहेब येणार. आम्ही खिशातले लाल पेन काढले, 'शराब' खोडले आणि वर 'शरबत' लिहिले. ओळीचे वजन बिघडले, पण आमची काळजी मिटली. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, कल तो आपने शराब के मानी कुछ और बताए थे."

तिचे खरे होते. गझल शिकवताना आम्हीच सांगतो की ही शराब म्हणजे इश्क, मारिफत, बेखुदी, आणि साकी म्हणजे मुर्शिद. मग स्टेजवर चढताच ती बाटलीतली कशी झाली? शब्द बदलला नव्हता. आम्हाला लोकांची भीती वाटली होती, इतकेच. आणि त्या भीतीला आम्ही 'संस्कार' असे नाव दिले होते.

गाण्यांना कात्री लावणारे सारेच बहुधा असेच करतात. फैज अहमद फैज यांची 'हम देखेंगे' ही १९७९ सालची नज्म पाहा. जनरल झिया यांची राजवट मजहबचे नाव घेऊन चालली होती आणि फैज यांनी कुरआनचीच भाषा वापरून त्या राजवटीला आव्हान दिले. १९८६ साली लाहोरात इक्बाल बानो यांनी ती गायली. पुढे २०१९ च्या डिसेंबरात कानपूरच्या आयआयटीत विद्यार्थ्यांनी तीच नज्म म्हटली, तेव्हा ती हिंदूविरोधी असल्याची तक्रार झाली आणि चौकशी समिती बसली. नज्मेतला बुत म्हणजे जालीम सत्ता, हे समजून घेण्याची सवड कुणाला नव्हती. कात्री हाती घेणारा शब्द वाचतो, मानी वाचत नाही.

पण वाचकहो, बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. २०१८ साली 'ओरु अडार लव्ह' या मल्याळम चित्रपटातल्या 'माणिक्य मलराय पूवी' या गाण्याविरुद्ध हैदराबादेत आपल्याच लोकांनी भावना दुखावल्याची तक्रार नोंदवली. महाराष्ट्रातही तक्रारी झाल्या. हजरत खदीजा (रजि.) यांच्याविषयीचे हे मापिला गीत केरळच्या मुस्लिम घरांत कित्येक वर्षे मोहब्बतीने गायले जात होते. तक्रार करणाऱ्या कितीजणांना मल्याळम येत होते? अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुन्हा रद्द केला. फैजच्या बाजूने बोलताना आम्हाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवते, आणि आपली पाळी आली की पोलीस ठाणे आठवते. हे कसले इन्साफ?

यावर कुणी म्हणेल, खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनीही एका गाण्यातली ओळ थांबवली होती. होय, बुखारी शरीफमध्ये ती हदीस आहे. हजरत रुबय्यी (रजि.) यांच्या लग्नात मुली डफ वाजवून बद्रच्या शहीदांची गाणी गात होत्या. आप (स.) तेथे आले तेव्हा एकीने ओळ घेतली की आमच्यात असा नबी आहे ज्याला उद्याचे ठाऊक आहे. आप (स.) यांनी सांगितले की हे सोड आणि आधी म्हणत होतीस तेच म्हण. आमच्या अल्प समजुतीप्रमाणे येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डफ हिसकावला गेला नाही. गाणे थांबले नाही. आणि जी ओळ सोडायला सांगितली ती स्वतःच्या तारीफची होती, कारण गैबचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे. आजचे सेन्सॉर नेमके उलटे करते. तारीफ ठेवते आणि तक्रार खोडते.

आता खरा अवघड प्रश्न. मशिदीसमोर मिरवणूक थांबवून डीजेवर आम्हाला मुल्क सोडून जायला सांगणारी गाणी लावतात, तेव्हा काय करायचे? तेही स्वातंत्र्यच मानायचे का? हे लिहिताना आमचा हात थबकतो, कारण त्या वेळी घरात बसलेल्या मुलांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. तरीही आमचे मत असे की शब्द न आवडणे वेगळे आणि दारात येऊन धमकावणे वेगळे. धमकीसाठी कायदा आहे. पूर्वी दंड संहितेचे कलम १५३-अ होते, २०२४ पासून न्याय संहितेचे कलम १९६ आहे. तेथे पुरावा लागतो, दुसरी बाजू ऐकली जाते, कोर्टात दाद मागता येते. हा कायदाही नेहमी सारख्या हाताने वापरला जात नाही, हे आम्ही जाणतो. पण गाणे कानावर पडण्याआधीच ते खोडण्याचा अधिकार कुणाला दिला, तर ते लाल पेन उद्या कमजोरांच्याच कागदावर आधी फिरेल. कमजोर कोण, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

संमेलनाच्या दिवशी मुलींनी 'शरबत'च गायले. टाळ्याही पडल्या. ती मुलगी मात्र त्या शब्दावर गप्प राहिली, हे आम्ही पडद्याआडून पाहिले. पुढच्या वेळी कागद हाती आला की आम्ही पेन काढण्याआधी मुलींनाच विचारणार आहोत, हा शब्द येथे का आहे? त्यांना सांगता आले तर शब्द राहील. आणि मौलानासाहेबांनी विचारलेच, तर मुलींचे उत्तर आम्ही त्यांच्या शेजारी बसून ऐकू.