भुताची जात

‘गेट आउट’ या सिनेमाच्या शेवटी रात्रीचा एक रस्ता आहे. ख्रिस नावाचा काळा तरुण रक्ताने माखलेला, त्याची गोरी मैत्रीण जखमी होऊन रस्त्यावर पडलेली. तिने आणि तिच्या घरच्यांनी त्याचं शरीर विकायला काढलं होतं, त्यातून तो कसाबसा सुटला आहे. तेवढ्यात लांबून लाल-निळा दिवा लुकलुकत येतो. ख्रिस हात वर करतो.

2017 च्या फेब्रुवारीत हा सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा या क्षणाला थिएटरमध्ये लोकांचा श्वास अडकायचा. एरवी भयपटात पोलीस आले की प्रेक्षक हुश्श करतो. इथं पोलिसांचा दिवा दिसला आणि भीती वाढली, कारण या रस्त्यावर गोळी कुणाला लागेल हे सांगावं लागत नव्हतं. मग गाडीचं दार उघडतं, त्यावर ‘एअरपोर्ट’ असं लिहिलेलं दिसतं, आतून ख्रिसचा मित्र रॉड उतरतो आणि टाळ्या-शिट्ट्यांनी थिएटर दणाणतं. दिग्दर्शक जॉर्डन पीलने आधी वेगळाच शेवट चित्रित केला होता. त्यात खरे पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो. तो त्याने बदलला. बाहेरच्या जगात रोज तेच घडत होतं, आत बसलेल्या माणसाला एकदा तरी सुटका हवी होती.

गोऱ्या प्रेक्षकाने काळ्या माणसासाठी घाबरणं ही साधी गोष्ट नाही. सिनेमाला तिथवर यायला शंभर वर्षं लागली. 1915 साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये चेहऱ्याला काळं फासलेला एक गोरा नट एका गोऱ्या मुलीचा पाठलाग करतो. लोकांनी त्या काळ्या चेहऱ्याची भीती घेतली आणि तिच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या बुरखेधारी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेला टाळ्या दिल्या. अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेने निदर्शनं केली, बंदीची मागणी केली, तरी गर्दी ओसरली नाही. विझलेली क्लॅन त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. भीती कुणाची वाटावी हे पडदा शिकवत होता आणि लोक शिकत होते.

ही शिकवण सिनेमाच्या आधीची आहे आणि मराठी माणसाला ती परकी नाही. आपल्याकडे भुतालाही जात असते. मुंज झालेला ब्राह्मणाचा मुलगा लग्नाआधी मेला तर मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. खवीस परधर्मी माणसाचा, बहुतेकदा मुसलमानाचा, आणि सगळ्यांत आडदांड. शब्दही अरबी ‘खबीस’वरून आलेला. आजी रात्री गोष्ट सांगायची तेव्हा भुताबरोबर ही उतरंडही पोराच्या मनात उतरायची. कुठल्या भुताला नैवेद्य दाखवून शांत करायचं आणि कुठल्याला नुसतं हाकलायचं, हे मेल्यानंतरही जातीवर ठरत होतं.

त्याच मराठी मुलखात उलटा विचारही लवकर जन्मला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पुण्यातला एक माणूस अटलांटिकपलीकडच्या गुलामाचं दुःख आपल्या अंगणातल्या शूद्रातिशूद्राच्या दुःखाशेजारी ठेवून पाहत होता. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या अमेरिकनांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, असं त्यांनी कळवलं आणि काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. वंश आणि जात एक आहेत का, हा वाद 2001 च्या डर्बनमधल्या वंशवादविरोधी परिषदेत जगासमोर आला. भारत सरकारने जातीचा प्रश्न तिथं चर्चेला घ्यायला विरोध केला. दलित संघटना मात्र तिथं जाऊन बोलल्या. विद्वानांनी व्याख्यांवर वाद घालावा, पण ज्याला विहिरीवर हटकलं गेलं त्याला ख्रिसचे वर झालेले हात समजायला व्याख्या लागत नाही.

पडद्यावरचं पहिलं मोठं वळण 1968 चं, आणि तेही ठरवून घेतलेलं नव्हतं. जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गजवळ अगदी थोड्या पैशात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. बेनच्या भूमिकेसाठी आलेल्यांत डुएन जोन्स सर्वांत चांगला वाटला म्हणून त्याला घेतलं. तो काळा होता. बेन रात्रभर उठून चालणाऱ्या मढ्यांशी झुंजतो, घरात अडकलेल्यांना सांभाळतो आणि सकाळी वाचवायला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. त्यांना तो मढ्यांतलाच एक वाटतो. चित्रपटाची प्रत घेऊन रोमेरो गाडीने न्यूयॉर्कला निघाला होता, त्याच रात्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची बातमी त्याने रेडिओवर ऐकली. त्या क्षणापासून त्या शेवटाचा अर्थ त्याच्या हातात राहिला नाही. समीक्षक रॉजर एबर्टने हा सिनेमा दुपारच्या खेळाला, पोराटोरांच्या गर्दीत पाहिला. सुरुवातीला हसणारी, किंचाळणारी मुलं हळूहळू गप्प झाली आणि शेवटी एक लहान मुलगी जागच्या जागी रडत होती, असं त्याने लिहून ठेवलं आहे. भुताला भिऊन मूल किंचाळतं. माणसाला भ्यालं की ते गप्प होतं.

आता सुरत, जिथं मराठी माणूसच परका आहे.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलं की दुकानांच्या पाट्या गुजराती आणि कानावर अहिराणी, असं रोजचं चित्र. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनने आलेल्या माणसांच्या इथं दोन-तीन पिढ्या झाल्या. लूम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. शेजारच्या मागावर ओडिशाच्या गंजमचा माणूस, पलीकडे उत्तर प्रदेशचा. गावी गेलं की हा माणूस ‘सुरतवाला’ आणि सुरतेत ‘मराठी’. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली तेव्हा याच वस्त्यांतली माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, आणि गावोगाव सुरतेहून येणाऱ्याकडे संशयाने पाहिलं गेलं. परका असणं म्हणजे काय, हे या शहरातल्या निम्म्याअधिक प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या प्रेक्षकासमोर 2023 च्या फेब्रुवारीत ‘वश’ हा गुजराती भयपट आला. दिग्दर्शक कृष्णदेव याज्ञिक. पुढे 2024 मध्ये त्याचा हिंदी ‘शैतान’ झाला. एक सुखवस्तू कुटुंब सहलीला निघतं, वाटेत एक अनोळखी माणूस मुलीला काहीतरी खायला देतो आणि तिथून ती त्याच्या मुठीत जाते. तो म्हणेल ते ती करते. जानकी बोडीवालाने हे काम दोन्ही भाषांत केलं आणि ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ‘वश’ चांगला बांधलेला सिनेमा आहे यात शंका नाही. पण तो ‘गेट आउट’शेजारी ठेवून पाहावा. तिथंही संमोहनच आहे: मैत्रिणीची आई चहाच्या कपात चमचा फिरवते, चमचा कडेला घासल्याचा बारीक आवाज येत राहतो आणि ख्रिस खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्याच आत खोल बुडत जातो, डोळ्यांतून पाणी, हात हलत नाही. हत्यार एकच, दिशा उलट. ‘गेट आउट’मध्ये पाहुणा घरवाल्यांना भितो. ‘वश’मध्ये घरवाले दारातल्या परक्याला भितात.

आपल्या भयपटाचा मोठा भाग अजून या दुसऱ्या दिशेलाच उभा आहे. दार बंद करा, बाहेरचा आत येतो आहे. कथेपुरतं हे ठीक. पण हीच गोष्ट थिएटरबाहेर सांगितली जाते तेव्हा काय होतं, ते 2017 च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात दिसलं. एक मुलगा बेपत्ता झाला आणि शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं, अशी आवई उठली. माणसं खरोखर त्यांच्या घरात शोधायला शिरली. मुलगा परत आला, नंतर दगावला, आणि मग जमावाने मॉलमध्ये दिसेल त्या आफ्रिकन तरुणाला खुर्च्यांनी बडवलं. अमेरिकेत लोक ‘गेट आउट’ पाहून ख्रिससाठी टाळ्या वाजवत होते, तो हाच महिना.

मराठी आणि हिंदी पडद्यावर दुसरी दिशा अगदीच दिसत नाही असंही नाही. आदित्य सरपोतदारने 2022 मध्ये ‘झोंबिवली’ केला तेव्हा डोंबिवलीतली मोठी सोसायटी आणि तिला लागून असलेली झोपडपट्टी समोरासमोर ठेवली. आधी कुणाचा बळी जातो आणि फाटक कुणासाठी उघडतं, हा त्यातला खरा भयाचा भाग. त्याच वर्षी अमर कौशिकचा ‘भेडिया’ आला. अरुणाचलमधल्या जंगलाची गोष्ट, आणि त्यात जोमिन हा तिथला तरुण, पालिन कबाकने साकारलेला. सोबतच्यांच्या टिंगलीत त्याच्या चेहऱ्यावरचे शेरेही येतात. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा असाच शेऱ्यांवरून झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, हे ज्याला आठवतं त्याचं हसू त्या विनोदावर अडखळतं. या सिनेमाने आणखी धीट व्हायला हवं होतं. तरी हसणाऱ्या प्रेक्षकाला स्वतःचंच हसू ऐकू आणून देणं, हे त्याचं श्रेय आहे. मल्याळममध्ये राहुल सदाशिवनचा ‘भ्रमयुगम’ (2024) तर थेट जातीच्या वाड्यात शिरला: खालच्या मानलेल्या जातीचा गायक आसऱ्याला येतो आणि वाड्याचा धनी, मामूटीने साकारलेला, त्याला सोडत नाही. इथंही पाहुणाच घराला भितो.

सुरतेत मात्र या विषयाचं एक पान असं आहे, जे सुरतेतल्या बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेआड राहिलं. उधन्याहून मुंबईकडे निघालं की भेस्तान आणि मग सचीन. आज तिथं औद्योगिक वसाहत आहे, मराठी कामगार रोज त्या स्टेशनावर उतरतात. हे सचीन एकेकाळी संस्थान होतं आणि त्याचे नवाब सिद्दी होते, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सिद्दीने तो हक्क पेशव्यांकडे सोडला, बदल्यात 1791 मध्ये त्याला हा मुलूख मिळाला. म्हणजे सुरतेच्या दाराशी हे आफ्रिकी घराणं नांदलं ते पुण्याशी झालेल्या करारातून. 1948 पर्यंत ते राज्य चाललं.

मराठी मनात ‘सिद्दी’ म्हटलं की जंजिरा आठवतो, पन्हाळ्याचा वेढा आणि सिद्दी जौहर आठवतो. ते खरंच आहे, ते शत्रू होतेच. पण खडकी वसवणारा, मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा मलिक अंबरही हबशीच, आणि शहाजींची पिढी त्याच्या काळात लढाई शिकली. आपण एक आठवण पोवाड्यात ठेवली आणि दुसरी पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत. सिनेमाने याहून फार वेगळं केलं नाही. 1983 च्या ‘रझिया सुलतान’मध्ये हबशी याकूत नायक झाला खरा, पण त्यासाठी धर्मेंद्रचा चेहरा काळा रंगवला गेला. 2008 च्या ‘फॅशन’मध्ये नायिका घसरत घसरत तळाला गेली हे दाखवायला तिला एका काळ्या पुरुषाशेजारी जागी केली. तिच्या अधःपाताचं माप म्हणून एका माणसाचा रंग वापरला गेला आणि थिएटरांनी ते निमूट पाहिलं.

आणि तरीही भारतीय सिनेमाच्या पहिल्या प्रकरणात सुरत आणि सचीन आहेत. ‘आलम आरा’ या 1931 च्या पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा सुरतेत जन्मली. तिची आई फातमा बेगम, ‘बुलबुल-ए-परिस्तान’ (1926) करणारी देशातली पहिली स्त्री दिग्दर्शक. झुबेदाचे वडील सचीनचे नवाब होते असं सांगितलं जातं. नवाबाने तिला आपली मुलगी म्हणून उघड मान्यता दिल्याची नोंद नाही. ज्या पडद्याने पुढे काळ्या चेहऱ्याला भीतीसाठी नाहीतर हसण्यासाठी वापरलं, त्या पडद्यावरची पहिली बोलकी नायिका बहुधा आफ्रिकी रक्ताची होती.

सुरतेहून उत्तरेला, भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. बावा गोर आफ्रिकेतून आलेला सिद्दी संत, अकीकाच्या व्यापाराशी त्याचं नाव जोडलेलं. तिथं सिद्दी फकीर सेवा करतात आणि भूत लागलेल्या माणसांना नातेवाईक तिथं घेऊन येतात. हिंदू येतात, मुसलमान येतात, पारशीही येत आले आहेत. ज्या काळ्या माणसाला गोष्टीत राक्षस केलं, त्याच्याच दारात लोक आपली भुतं उतरवून घ्यायला रांग लावतात. भूतबाधेवर विश्वास ठेवा असं इथं कुणी म्हणत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्यावं. पण भीतीच्या वेळी माणूस कुणाकडे धाव घेतो, त्यावरून त्याच्या मनातला विश्वास कळतो, आणि रतनपूरला तो विश्वास रंग विचारत नाही. गीरमधल्या जांबूरच्या सिद्दी समाजातल्या हिरबाई लोबींना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर त्यांना पाहून गुजरातीत इतकं सहज बोलणारी ही बाई कुठली, असं अनेकांना वाटलं. ती इथलीच. शेकडो वर्षांपासून.

मराठीत भयकथा लिहिणारे आहेत, भयपट करणारे आहेत आणि सुरतेत ते पाहणारा प्रेक्षकही आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी सचीनची गोष्ट घ्यावी. लूमवर रात्रपाळी करणारा एक सिद्दी तरुण, भाड्याची खोली, शेजाऱ्यांच्या नजरा, एक बेपत्ता मूल आणि गल्लीत पसरत जाणारी आवई. भूत घालायचं तर घालावं, नाही घातलं तरी चालेल. आणि त्या सिनेमाचा पहिला खेळ मुंबई-पुण्यात न लावता उधन्याला, पाळी सुटण्याच्या वेळेला लावावा.