शिवी कोणाची, फिर्याद कोणाची?

लातूर-नांदेड रस्त्यावरील एका गावी रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक प्रश्न निघाला. आपल्यातील एका बाईंना पिठाच्या गिरणीवर दहा माणसांदेखत जातीचे नाव घेऊन शिवी देण्यात आली आणि त्यांचा डबा रांगेत मागे सरकवण्यात आला. त्या म्हणाल्या, "मी केस करणार." त्यावर एक वडीलधारे उपासक बोलले, "बाई, तथागतांनी शिवी घेतलीच नाही. आणि आपण जात सोडली, तर जातीची शिवी आपल्याला लागते कशी?" बहुतेकांनी माना डोलावल्या. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. पण मलाही चटकन उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

ती सुत्तातील कथा आपण सारेच सांगतो. भारद्वाज कुळातील एक ब्राह्मण प्रव्रजित झाला, म्हणून त्याच कुळातला दुसरा चिडून राजगृहाच्या वेळुवनात आला आणि भगवंतांना वाटेल ते बोलला. (म्हणजे त्याही शिवीचे मूळ धम्मात जाण्यातच होते, हे सांगायचे आपण विसरतो.) पाहुण्यांनी वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे, असे भगवंतांनी विचारले. यजमानाचेच, हे त्याला मान्य करावे लागले. शिवीचेही तसेच झाले.

पण बंधूंनो, ती शिवी नाकारली कोणी? ज्यांना दिली, त्यांनी स्वतः. भगवंतांच्या वतीने गावच्या पाटलाने काही ती नाकारली नव्हती. आणि त्या शिवीने भगवंतांचा पाणवठा तुटणार नव्हता. इथे शब्दाबरोबर डबाही मागे गेला. न घेतलेले अन्न यजमानाकडे राहते. हिरावलेली पाळी कोणाकडे राहते? मराठवाड्यातल्या माणसाला हे फोडून सांगायला नको. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. आगीच्या आधी तोंडे सुटली होती.

आता कायद्याचे. शिवी दिल्याबद्दल खटला होतो का? होतो, पण प्रत्येक शिवीचा नाही. सर्वसाधारण कायदा, म्हणजे पूर्वीची दंड संहिता आणि १ जुलै २०२४ पासूनची भारतीय न्याय संहिता, दोन गोष्टी पाहतो : लौकिकाला धक्का लावणारा आरोप, किंवा शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेला अपमान. अस्पृश्यता पाळण्याला १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यातही शिक्षा होती. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने जातीचे नाव घेऊन शिवी देणे हा वेगळा गुन्हा लिहिला गेला : सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. मात्र ती शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली हवी. घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेले बोलणे यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. गिरणीला भिंती असल्या, तरी रांगेत दहा माणसे होती.

पूज्य बाबासाहेबांपुढेही हा प्रश्न एकदा उलट्या बाजूने आला होता. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकात टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. त्यावरून पुण्यात बदनामीची फिर्याद झाली. केशवराव जेधे यांच्यासह जवळकरांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ च्या ऑक्टोबरात अपिलात बाबासाहेब उभे राहिले, वय पस्तीस. त्यांनी मुद्दा काढला तो असा की फिर्यादी हा चिपळूणकरांच्या दूरच्या नात्यातला आहे. त्याला ही फिर्याद करण्याचा अधिकारच नाही. आरोपी सुटले.

मला उत्तर तिथे सापडले. अपमान कोणाचा झाला, हे आधी ठरले पाहिजे. मग फिर्याद त्याची, आणि क्षमाही त्याचीच. गिरणीवरच्या बाईंना क्षमेचा उपदेश करणारे आपण सारे विहारातले लोक म्हणजे ते दूरचे नातेवाईक. त्यांनी मनात राग न धरता ठाण्यात जायचे ठरवले, तर धम्म त्यांना अडवत नाही. चौथे शील एवढेच मागते की जो शब्द उच्चारला गेला तोच लिहावा, एक अक्षर जास्त नको.

राहिला जातीचा प्रश्न. तो खरा टोचणारा आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीच्या केंद्रीय यादीतून वगळला जात नाही, म्हणून या कायद्याचे संरक्षण आपल्याला मिळते. पण त्यासाठी जो दाखला पुढे करायचा, त्यावर आपण सोडलेल्या जातीचे नाव असते. आमच्या शिकलेल्या पोरांना याची लाज वाटते. मी त्यांना म्हणतो, जात आपण सोडली, शिवी देणाऱ्याने सोडलेली नाही. तो दाखला त्याच्या डोक्यात काय आहे त्याचा पुरावा समजा. हे सांगताना माझेही पूर्ण समाधान होत नाही.

त्या बाईंनी अजून ठरवलेले नाही. दळण घेऊन मात्र त्या त्याच गिरणीवर जातात. गावात दुसरी गिरणी नाही.