वाऱ्यासमोरचं शहर

जपानमधल्या शांत गावांविषयी वाचताना नेहमी असं भासतं, की डोंगर आणि समुद्र जसे तिथं मुळापासून आहेत तशी शांतताही मुळापासून आहे. प्रवाशानं नुसतं जायचं आणि ती अनुभवायची. साकाता पाहिल्यापासून मला हे पटेनासं झालं आहे. तिथली शांतता माणसांच्या हातची आहे. काही कष्टानं मिळवलेली, काही नुकसानीतून वाट्याला आलेली. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखता येईपर्यंत ते शहर पाहिलं असं म्हणता येत नाही.

होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, यामागाता प्रांतात, मोगामी नदी जपान समुद्राला जिथं मिळते तिथं साकाता आहे. टोकियोहून शिंकान्सेननं नीगातापर्यंत जायचं आणि तिथं गाडी बदलायची. ‘इनाहो’ नावाची साधी जलद गाडी पुढचे सुमारे दोन तास किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे जाते. डाव्या हाताला समुद्र, मग अचानक शोनाईचं सपाट मैदान, नजर पोहोचेल तिथवर भातशेती आणि तिच्या टोकाला 2236 मीटर उंचीचा चोकाई पर्वत. शहरात उतरलं की रुंद रस्ते आणि तुरळक माणसं. बाजारपेठेत भर दुपारी कित्येक दुकानांची शटर्स खाली ओढलेली. 2024 मध्ये जपानला सुमारे 3 कोटी 69 लाख परदेशी पाहुणे आले. क्योतोच्या गल्ल्यांत त्यांच्या गर्दीनं स्थानिकांना बसमध्ये चढणं अवघड होतं. साकातात त्यांतला क्वचितच कोणी दिसतो.

हे शहर एके काळी जपानच्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. 1672 मध्ये शोगुनच्या हुकुमावरून कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्यानं इथून पश्चिमेचा सागरी मार्ग नीट लावून दिला. उत्तरेकडचा तांदूळ साकाताला जहाजावर चढायचा, जपान समुद्रातून खाली शिमोनोसेकीला वळसा घालून ओसाकाला आणि पुढे एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जायचा. ‘कितामाएबुने’ म्हणून ओळखली जाणारी व्यापारी गलबतं पुढं दीडदोनशे वर्षं या किनाऱ्यावर ये-जा करत राहिली. मोगामीच्या वरच्या खोऱ्यातून होड्यांनी आणखी एक माल यायचा, करडईची फुलं. आपल्या सोलापूर-परभणीकडं पिकते तीच ही करडई. आपण तिचं तेल काढतो. यामागातात तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढत आणि तो क्योतोच्या रेशमावर आणि तिथल्या स्त्रियांच्या ओठांवर चढे. परतीच्या गलबतांतून मीठ, चहा, जुने कपडे आणि क्योतोच्या बाहुल्या येत. त्या बाहुल्या साकाताच्या जुन्या घरांतून अजून वसंतात मांडून ठेवतात.

मराठी वाचकांपैकी जे शेअर बाजारात पैसे गुंतवतात, ते साकाताच्या एका माणसाला नकळत रोज भेटत असतात. होनमा मुनेहिसा (1724 ते 1803) हा इथल्या धनाढ्य व्यापारी घराण्यातला. ओसाकाच्या दोजिमा तांदूळबाजाराला 1730 मध्ये सरकारी मान्यता मिळालेली होती आणि तिथं पुढच्या पिकाचे सौदे होत. मुनेहिसानं त्या बाजारात भावांच्या चढउताराचा आणि माणसांच्या मनातल्या लोभ-भयाचा अभ्यास केला. मोबाइलवर लाल-हिरव्या कांड्यांचा जो कँडलस्टिक तक्ता दिसतो, त्याचं जनकत्व परंपरेनं त्याच्याकडं जातं. आजच्या रूपातले तक्ते बहुधा त्याच्या नंतरच्या काळात आकाराला आले असावेत, पण त्यांतल्या एका जुन्या पद्धतीला जगभर ‘साकाताचे पाच नियम’ असंच म्हणतात. दलाल स्ट्रीटवरच्या गोंगाटाची एक मुळी या निवांत गावात आहे.

मात्र मुनेहिसापेक्षा मला त्याच घराण्यातला होनमा मित्सुओका मोठा वाटतो, आणि त्याचं कारण वाळू आहे.

साकाताच्या दोन्ही अंगांना सुमारे 34 किलोमीटर लांबीची वाळूच्या टेकड्यांची रांग पसरलेली आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा वारा तिच्यावर थेट आदळतो. या वाऱ्याची ताकद आजही कमी झालेली नाही. 25 डिसेंबर 2005 च्या संध्याकाळी मोगामीचा पूल ओलांडलेली इनाहो गाडी वाऱ्याच्या झोतानं रुळांवरून उलटली आणि पाच जण दगावले. मध्ययुगात मिठागरांच्या भट्ट्यांना लागणारं सरपण म्हणून आणि लढायांच्या धामधुमीत किनाऱ्यावरची झाडी तोडली गेली. वाळू मोकळी सुटली. ती शेतं गाडू लागली, घरांत शिरू लागली, नदीचं मुख बुजवू लागली. 1758 मध्ये मित्सुओकानं स्वतःच्या पैशानं इथं काळ्या पाइनची लागवड सुरू केली. वाळूत रोप लावलं की एका वादळात ते गाडलं तरी जातं किंवा उपटलं तरी जातं. म्हणून आधी कुंपणांच्या आडोशानं वाळू थोपवायची, मग तग धरणारी झुडपं रुजवायची, ती जगली की त्यांच्या आडोशाला पाइन लावायचे. मेले की पुन्हा लावायचे. हे काम वर्षानुवर्षं चाललं. मित्सुओकाच्या पुढच्या पिढ्यांनी केलं, गावोगावच्या लोकांनी केलं. एका पिढीत संपणारं ते कामच नव्हतं. ज्यानं पहिलं रोप लावलं त्याला पूर्ण वाढलेलं वन पाहायला मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

आज त्या वनात उभं राहिलं की वाऱ्याचा आवाज शेंड्यांवर राहतो आणि खाली बोलणं ऐकू येतं. जमिनीच्या बाजूला, पाइनच्या आडोशानं, त्याच वाळूत खरबुजांचे मळे आहेत. साकाताची शांतता म्हणतो ती इथून सुरू होते. अडीचशे वर्षांपूर्वी इथं शांतता नव्हती, भिरभिरती वाळू होती.

हेच शहाणपण नदीकाठच्या सानक्यो कोठारांत दिसतं. 1893 मध्ये बांधलेल्या या काळ्या लाकडी कोठारांच्या पश्चिमेला केयाकी वृक्षांची उंच रांग आहे. दुपारचं ऊन आणि समुद्री वारा अडवून आतला तांदूळ गार ठेवायचा, म्हणून ती लावलेली. छपरं दुहेरी आहेत. दोहोंच्या मधून हवा खेळते. वीज न वापरता तांदूळ उन्हाळाभर टिकवणारी ही व्यवस्था 2022 पर्यंत प्रत्यक्ष कामात होती. पर्यटक त्या सावलीत फोटो काढतात. मला तिथं आठवल्या त्या साठ-साठ किलोंची पोती पाठीवर घेऊन या कोठारांतून नावेपर्यंत चालणाऱ्या बायका. जुन्या साकातात हमालीचं काम बायकाही करत. त्यांच्या पाठीवरून या शहराची श्रीमंती गेलेली आहे.

इथं थोडं थांबून होनमा घराण्याविषयीही स्पष्ट बोललं पाहिजे. हे घराणं जपानमधलं सर्वांत मोठं जमीनदार घराणं म्हणून गाजलं. कोठारांतला तांदूळ बऱ्याच अंशी कुळांनी खंड म्हणून घातलेला होता, आणि खंड घालून झाल्यावर कुळाच्या घरात काय उरे, हे 1983 मध्ये जपानी टीव्हीवर आलेल्या ‘ओशिन’ मालिकेनं जगाला दाखवलं. मोगामीच्या वरच्या खोऱ्यातली एक शेतकरी पोर तांदळाच्या बदल्यात कामाला पाठवली जाते आणि पुढं साकाताच्या एका तांदूळ व्यापाऱ्याच्या घरी येते. कथा कल्पित, पण दारिद्र्य खरं होतं. दुसरीकडं याच होनमांनी 1813 मध्ये सेइएनकाकु नावाचा प्रासाद आणि त्याची बाग बांधायला काढली, त्यामागं हिवाळ्यात बंदर थंडावल्यावर बेकार होणाऱ्या हमालांना काम मिळावं हाही हेतू होता. 1768 मध्ये मित्सुओकानं बांधलेल्या वाड्याचा पुढचा भाग सामुराईच्या इतमामाचा आहे आणि मागचा व्यापाऱ्याच्या साध्या घराचा. तो वाडा त्यांनी सरंजामदाराला दिला आणि स्वतः मागच्या भागात राहिले. दातृत्व आणि पिळवणूक एकाच घरात नांदू शकतात. एकीकडं बोट दाखवून दुसरी नाकारणं हा आळस आहे. महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणेत कुळांना जमिनी मिळाल्या, होनमांचं जमीनदारीचं साम्राज्य संपलं, आणि 1947 मध्ये सेइएनकाकुचं कलासंग्रहालय झालं. मला हा शेवट न्याय्य वाटतो. पाइनची झाडं उरली आणि खंड गेला.

मग गजबज कुठं गेली? आधी तार आली. ओसाकाचा भाव काही मिनिटांत कळू लागल्यावर, एका बंदरात स्वस्त घेऊन दुसऱ्यात महाग विकणाऱ्या गलबतवाल्याचा नफा आटला. मग रेल्वे आली. साकाताला ती 1914 मध्ये पोहोचली आणि माल समुद्राऐवजी रुळांवरून पूर्वेकडच्या टोकियोला जाऊ लागला. जपानचं तोंडच जणू पॅसिफिककडं वळलं आणि हा किनारा पाठीमागं पडला.

त्यानंतर आग. 29 ऑक्टोबर 1976 च्या संध्याकाळी शहराच्या मध्यावरच्या एका चित्रपटगृहात ती लागली. समुद्रावरून सोसाट्याचा वारा वाहत होता. पहाटेपर्यंत 1774 इमारती जळून गेल्या. ते चित्रपटगृह, ‘ग्रीन हाउस’, हे साकाताचं भूषण होतं. राजधानीतले समीक्षकही त्याचं नाव आदरानं घेत. ते गेलं आणि त्याच्यासोबत जुन्या बाजारपेठेचे अरुंद बोळही गेले. नव्यानं आखलेले रस्ते मुद्दाम रुंद ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी आग ओलांडून जाऊ नये. आज नवख्या माणसाला जे ऐसपैस आणि निवांत वाटतं, ती त्या रात्रीची खबरदारी आहे.

आणि शेवटी माणसं. 2020 च्या जनगणनेत साकाताची लोकसंख्या एक लाखाच्या किंचित वर होती. आता ती त्याखाली गेली आहे. शाळा संपली की मुलं सेंदाईला, टोकियोला जातात आणि बहुतेक परत येत नाहीत. शहरातलं डिपार्टमेंट स्टोअर 2021 मध्ये बंद झालं. 2023 च्या पाहणीत जपानभर 90 लाख घरं रिकामी आढळली, म्हणजे दर शंभरातली जवळपास चौदा. या भागात चित्रित झालेल्या आणि 2009 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘ओकुरिबितो’ या चित्रपटात टोकियोतली नोकरी गेलेला एक वादक गावी परततो आणि मृतांना अखेरचं सजवण्याचं काम पत्करतो. तो चित्रपट मृत्यूविषयी आहे हे खरंच, पण मला तो परत येणाऱ्या माणसाविषयी जास्त वाटतो. परत येणारे इतके कमी आहेत.

अशा शहराला ‘मरणारं शहर’ म्हणणं सोपं आहे आणि माझ्या मते चुकीचं आहे. वाढ हेच जिवंतपणाचं एकमेव लक्षण मानलं तरच ते बरोबर ठरेल. साकातात दोमोन केन या छायाचित्रकाराच्या नावाचं संग्रहालय आहे. 1983 मध्ये उघडलेलं, तानिगुची योशिओनं रचलेलं, एका तळ्याकाठी. दोमोननं हिरोशिमाच्या जखमी माणसांचे आणि चिकुहोच्या खाणकामगारांच्या मुलांचे फोटो काढले. आपलं सारं काम त्यानं जन्मगावाला दिलं. लाखभर वस्तीच्या गावानं ते इतक्या निगुतीनं सांभाळलं आहे, की मोठ्या शहरांनी शिकावं. हिवाळ्यात मोगामीच्या मुखाशी हजारो हंस उतरतात, सकाळी कापलेल्या भातखाचरांत चरायला जातात आणि संध्याकाळी परततात. उडणारे मासे वाळवून त्यांच्या रश्शात केलेला इथला रामेन खायला दुपारी रांग लागते. हे सगळं मृतप्राय शहरात होत नाही.

खरी काळजी वेगळी आहे. पाइनच्या वनाला कीड लागली आहे. काळे पाइन लालसर होऊन वाळतात. वाळलेलं झाड वेळीच काढावं लागतं, खालचं रान साफ करावं लागतं, नवी रोपं लावावी लागतात. ‘बानरी नो मात्सुबारा’ या वनात हे काम बरंचसं स्वयंसेवक करतात, त्यांत म्हातारी माणसं आहेत आणि शाळेची मुलंही आहेत. मुलं कमी होत चालली आणि म्हातारे थकले, तर वाळू वाट पाहते आहे. 1758 मध्ये पैसा आणि माणसं दोन्ही होती. आज पैसा कदाचित मिळेल, पण हात कुठून आणायचे? मोकळ्या रस्त्यावर, पक्ष्यांच्या आवाजात, प्रवाशाला जे सुख वाटतं, ते याच हातांवर उभं आहे.

म्हणून पर्यटनाविषयीचं माझं मत बदललं आहे. अशी गावं ‘अस्पर्शित’ राहावीत म्हणून त्यांच्याबद्दल बोलूच नये, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांत गावापेक्षा स्वतःच्या एकांताची काळजी जास्त आहे. क्योतोसारखी झुंबड इथं कोणालाच नको. पण दर आठवड्याला थोडी माणसं आली, दोन रात्री राहिली, तिथलं जेवली, संग्रहालयाचं तिकीट काढलं, तर एखाद्या तरुणाला गावी राहण्याचं एक कारण मिळतं. धावती भेट, दोन फोटो आणि पुढची गाडी, यानं मात्र कोणाचंच भलं होत नाही.

जपानला जाणार असाल तर टोकियो-क्योतोमधले दोन दिवस कमी करा आणि साकाताला जा. शक्य असेल तर जानेवारीत जा. तेव्हा वारा जमिनीवरचा बर्फ उधळत असतो आणि समोरचं दिसत नाही. इनाहो कधी रद्द होते, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा. बंदरावर त्या दिवसांत कॉड माशाचा गरम रस्सा मिळतो. तो प्या, आणि मग पाइनच्या वनात जा. आधी समुद्राच्या बाजूला उभे राहा, नंतर आतल्या बाजूला.