गुनाह आणि गुन्हा

फारसीतला एकच शब्द. उर्दूत तो ‘गुनाह’ राहिला, अल्लाहपुढचा. मराठीत ‘गुन्हा’ झाला, पोलिसांपुढचा.

ज्यात कुणाचे नुकसान नाही तो गुन्हा कसला, असे विचारणारे मटक्याकडे बोट दाखवतात. लावणारा राजीखुशीने लावतो, घेणारा राजीखुशीने घेतो. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या चाळींत पगाराच्या दिवशी ज्या घरचा माणूस आकडा लावून रिकाम्या हाताने परततो, त्या घरच्या बाईला विचारा. नुकसान तिचे होते. ती फक्त चौकीवर जात नाही.

मग कायदा तिच्या बाजूने आहे? १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा अड्डा चालवणाऱ्याबरोबर खेळणाऱ्यालाही धरतो. दंडासाठी पुन्हा तिच्याच बांगड्या गहाण पडतात. आणि १९६९ साली सरकारने स्वतःचीच लॉटरी काढली! नशीब विकणे वाईट, की दुसऱ्याने विकणे वाईट?

जुगार आमच्याकडे हराम आहे, तो हरामच राहो. त्या गुनाहाचा हिशोब खेळणारा अल्लाहला देईल. कायद्याने धंदा करणाऱ्याला धरावे. खेळणाऱ्याला धरले, तर एकाच चुकीची शिक्षा त्या बाईला दोनदा होते.