एच ड्राइव्ह कुणाचा?

मोठ्या ऑफिसात डेस्कटॉपवर लॉगिन केलं की सी ड्राइव्हच्या खाली आणखी एक ड्राइव्ह दिसतो. बऱ्याच ठिकाणी त्याचं अक्षर एच असतं. एच म्हणजे होम. शेजारी तुमचं युजरनेम. तो तुमच्या मशीनमध्ये नसतोच. फाइली दूरच्या सर्व्हरवर असतात आणि तुमच्या डेस्कटॉपला फक्त तिकडचा पत्ता दिलेला असतो. विंडोजमध्ये याला ड्राइव्ह ‘मॅप’ करणं म्हणतात. मला हा शब्द आवडतो. तुमच्या हातात येतो तो नकाशा, सातबारा दुसऱ्याच्याच नावावर.

ही जोडणी साधी असते. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत तुमच्या खात्यावर ‘होम फोल्डर’ अशी नोंद असते: एक अक्षर आणि एक पत्ता. तुम्ही पासवर्ड टाकता, मशीन पोर्ट ४४५ वरून सर्व्हरशी बोलतं, ड्राइव्ह उघडतो. शेअरच्या नावाच्या शेवटी बहुधा डॉलरचं चिन्ह असतं, म्हणजे नेटवर्कवर चाळताना ते कुणाला दिसत नाही. दिसत नाही, एवढंच. कुलूप वेगळं असतं आणि त्याची एक किल्ली अॅडमिनकडे असते. समजा तुम्ही अॅडमिनचं नाव परवानग्यांतून काढून टाकलंत, तरी त्याला ‘टेक ओनरशिप’ म्हणून एक सोय असते. मालकी घ्या. इतकं स्पष्ट नाव क्वचितच कुठल्या बटणाला मिळत असेल.

मग याला ‘पर्सनल’ का म्हणायचं?

या शब्दावरून फ्रान्समध्ये एका माणसाची नोकरी गेली. तिथल्या सरकारी रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या डी ड्राइव्हला ‘वैयक्तिक डेटा’ असं नाव दिलं होतं. २००८ मध्ये त्याच्या गैरहजेरीत तो तपासला गेला. आत अश्लील चित्रं आणि बनावट प्रमाणपत्रं सापडली, त्याला काढलं. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये तो हरला. कारण काय, तर रेल्वेच्या नियमावलीप्रमाणे त्याने ‘खासगी’ असं लिहायला हवं होतं. ‘वैयक्तिक’ म्हणजे स्वतः हाताळलेलं ऑफिसचं कामही असू शकतं! त्या माणसाबद्दल मला फारशी सहानुभूती नाही, पण नियमाबद्दल शंका आहे. आपली गोपनीयता योग्य विशेषण निवडण्यावर अवलंबून असावी का?

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचे असतात, मॅनेजरपुढे नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कारणांसाठी संमतीविना माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ऑफिसच्या मशीनवर खासगी ठेवायचंच कशाला? मला ते आळशी उत्तर वाटतं. फॉर्म १६ ऑफिसच देतं. मेडिक्लेमसाठी आईच्या रिपोर्टची स्कॅन कॉपी ऑफिसच मागतं. मुलीच्या अॅडमिशनचा फॉर्म ऑफिसच्या प्रिंटरवर निघतो, कारण घरी प्रिंटर कुणाकडे आहे? दिवसाचे दहा तास जिथे जातात तिथे आयुष्याचा थोडा गाळ साचणारच.

माझ्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मध्यंतरी कमी केलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. संध्याकाळपर्यंत खातं बंद, एच ड्राइव्ह मात्र सर्व्हरवर. सर्व्हरचं काम माझ्याकडे असतं. मॅनेजर म्हणाले, “त्यांची एक स्क्रिप्ट त्यात आहे, काढून दे.” धोरणानुसार यात काहीच चूक नव्हतं. तरी मी आधी दादांना फोन केला.

“अगं, उघड की. ‘घर’ नावाचं फोल्डर सोडून बाकी सगळं तुमचंच आहे,” ते म्हणाले. मग थांबून, “त्या ‘घर’ची मला एक कॉपी मिळेल का? बाबांच्या शेवटच्या आजारपणाचे कागद त्यात आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत.”

स्क्रिप्ट पाच मिनिटांत सापडली. ‘घर’ मी उघडलं नाही. उघडलं असतं तर कुणाला कळलं असतं? आमच्याकडे फाइल कुणी वाचली याची नोंद चालू नाही, त्यामुळे कुणालाच नाही. म्हणूनच ‘पर्सनल’ हा शब्द मला खोटा वाटत नाही. तो यंत्राने दिलेला नाही इतकंच. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने तो पाळायचा असतो. खेडेगावात शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून माणसं पंढरीला जातात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की तो शेजारी त्यांनी निवडलेला असतो. दादांनी मला निवडलं नव्हतं. त्यांनी होकार दिला तो खातं बंद झाल्यावर, माझ्या फोनमुळे, आणि मी फोन करावा असं कुठल्याही धोरणात लिहिलेलं नाही.

कॉपी देणं माझ्या हातात नव्हतं. मी एचआरला मेल केला. ‘अंडर रिव्ह्यू’ असं उत्तर आलं, पुढे काही नाही. सोडून गेलेल्यांचे ड्राइव्ह ३० दिवसांनी पुसणारी स्क्रिप्ट आहे, ती मीच सांभाळते. तिच्यात अपवादांची यादी असते. एकोणतिसाव्या दिवशी मी त्यात दादांचं युजरनेम घातलं, कारणाच्या रकान्यात ‘एचआरच्या उत्तराची प्रतीक्षा’ असं लिहिलं आणि मॅनेजरांना तसं कळवलं. ते “बरं” म्हणाले. ती ओळ अजून तिथेच आहे.