मोजकी पावलं (गीता ६.१७)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला सतरावा. आसन कसं घालावं, मन कुठे ठेवावं हे सांगता सांगता भगवंत एकदम जेवण, फिरणं, कामधाम, झोप आणि जाग अशा अगदी घरगुती गोष्टींवर येतात. या सगळ्यांत जो माफक राहतो त्याचा योग दुःख दूर करतो, असा साधारण अर्थ. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात हा श्लोक हेल्थ टिपसारखाच वाटतो. आणि दोनच श्लोकांवर तो वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याचा सुंदर दृष्टांत वाट बघत असतो, म्हणून आपण इथून पटकन पुढे सरकतो.

माउली मात्र सरकत नाहीत. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी ते सांगतात की खाणं मापात असावं, बोलणं मोजकं असावं, चालणंसुद्धा मोजक्या पावलांचं असावं आणि झोपेलाही वेळच्या वेळी तिचा मान द्यावा. गेले साडेतीन महिने यातली 'मोजकी पावलं' माझ्या डोक्यात अडकून बसली आहेत, कारण आमच्या घरात सध्या खरोखरच कुणाची तरी पावलं मोजली जातायत.

बंड्या. आमचा कुत्रा. वय ११, अर्धा लॅब्रेडोर आणि अर्धा आपला गावठी. मागच्या उजव्या गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. कुत्र्यांमध्ये हे फार कॉमन आहे, आणि एका पायाचं गेलं की बऱ्याच जणांचं पुढेमागे दुसऱ्याही पायाचं जातं. त्याचं टीपीएलओ नावाचं ऑपरेशन झालं. म्हणजे नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, थोडा फिरवून, प्लेट आणि स्क्रूने बसवतात, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटशिवायही गुडघा चालताना घसरत नाही. ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "माझं काम दोन तासांचं, तुमचं तीन महिन्यांचं." आणि आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या कामाबद्दल.

पाय वापरला नाही की मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच आटतो. तरुण कुत्र्याचा लवकर भरतो. म्हाताऱ्याचा हळू भरतो, कारण वयाने तो आधीच कमी झालेला असतो आणि सांध्यात संधिवात असतो. त्यात कुत्रं मोठं हुशार. त्याचं साधारण ६० टक्के वजन तसंही पुढच्या पायांवर असतं. मागचा एक दुखायला लागला की उरलेलंही तो पुढे ढकलतो आणि तीन पायांवर मजेत संसार करतो. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तर तो रडणार नाही, तक्रार करणार नाही, फक्त तो चौथा पाय हळूहळू काठी होऊन जाईल.

मग करायचं काय? पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे, जुना टॉवेल घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून त्याच्याबरोबर चालायचं. टाइल्सवर पाय घसरतात म्हणून घरभर रबरी मॅट. तळव्यांमधले केस आणि नखं कापलेली. जिना बंद, सोफ्यावर उडी बंद. सुरुवातीला दिवसातून तीनदा फक्त पाच मिनिटं, तेही अगदी सावकाश. सावकाश का, हे मला फार आवडलं. भरभर चालवलं तर तो दुखरा पाय उचलून उड्या मारत जातो. हळू चालवलं की त्याला तो पाय टेकवावाच लागतो. वेगात लपवता येतं, संथपणात नाही. (जप करणाऱ्यांनी यावर आपापला विचार करावा, मी पुढे जाते.)

आता खरा प्रश्न. त्या टॉवेलवर किती जोर लावायचा?

जोरात वर धरला तर सगळं वजन माझ्या हातांवर येतं. त्याचे पाय नुसते हवेत हलतात, स्नायूला कामच मिळत नाही. सैल सोडला आणि तो कोलमडला तर नुकतं जुळत असलेलं हाड धोक्यात. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, "टॉवेलने त्याला चालवायचं नाही, फक्त पडू द्यायचं नाही." ऐकायला सोपं आहे. हातात धरून बघा! रोज ते माप वेगळं असतं. सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा जास्त, दुपारी कमी. बाबांचा हात आपोआप वर जातो, कारण त्यांना त्याचा थरथरणारा पाय बघवत नाही. ते तर सरळ उचलूनच न्यायला तयार असतात, ३१ किलोचं धूड!

आणि आजी. आजीचा आक्षेप असा होता की मी दोन दिवस गप्प झाले. ती म्हणाली, "अगं, मुकं जनावर ते. तू कशासाठी करतेयस हे त्याला कुठे कळतंय? त्याला एवढंच कळतं की दुखतंय, आणि दुखवणारं आपलंच माणूस आहे."

खोटं नाहीये ते. आजीचा स्वतःचा गुडघा बदलला तेव्हा तिलाही व्यायामाने दुखायचं, पण तिला 'पुढे बरं वाटेल' हे सांगता येत होतं. बंड्याला 'पुढे' हा शब्द शिकवता येत नाही. त्याच्यासाठी फक्त आत्ताचं दुखणं आहे. ज्याची संमती घेताच येत नाही त्याला त्याच्याच भल्यासाठी त्रास द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसऱ्या बाजूने सोसायटीतले काका होते. "११ वर्षांचा झाला ना? मग कशाला एवढा खटाटोप? राहू दे जसा आहे तसा." तेही प्रेमानेच म्हणाले, बरं का. पाचव्या अध्यायात भगवंत ज्ञानी माणसाच्या समदृष्टीबद्दल बोलतात तेव्हा त्या यादीत कुत्र्याचं नाव येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. श्लोक कुणाच्या तोंडावर मारायला नसतात. आणि समदर्शन म्हणजे सगळ्यांना एकच माप लावणं असंही नाही. बंड्या काही आजी नाही आणि लहान मूलही नाही. त्याच्यातही तोच आहे हे मानलं, तरी त्याला काय हवं हे कुत्रा म्हणूनच बघावं लागतं.

पण मला गंमत वाटली ती याची, की 'उचलून घ्या' आणि 'राहू दे' हे दोन्ही सल्ले दिसायला उलटे असले तरी दोन्हींत त्या पायाला काहीच काम उरत नाही.

कुत्रा आणि धर्म म्हटलं की आपल्याला महाभारताचा शेवट आठवतो. महाप्रस्थानिक पर्व. द्रौपदी आणि भाऊ एकेक करून वाटेत पडतात, युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत एक कुत्रा राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड, त्यात काही क्रौर्य नाही. युधिष्ठिर ऐकत नाही. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असं उघड होतं. (भाऊ पडत होते तेव्हा तो थांबला नाही, हा फार अवघड विषय. त्यावर पुन्हा कधीतरी.) आपण ही गोष्ट नेहमी त्या शेवटच्या उलगड्यासाठी सांगतो. मला या महिन्यांत तिचा आधीचा भाग जास्त जवळचा वाटायला लागलाय. तो कुत्रा एवढी वाट स्वतःच्या पायांनी चालला आहे. युधिष्ठिराने त्याला खांद्यावर घेतल्याचं कथेत कुठे येत नाही. त्याने उचललंही नाही आणि सोडलंही नाही. दोघे एका वाटेने चालले, एवढंच.

याच युधिष्ठिराने यक्षाला उत्तर देताना 'आनृशंस्य' हा श्रेष्ठ धर्म सांगितला होता. नृशंस म्हणजे क्रूर. क्रूर नसणं. मला हा शब्द 'दया'पेक्षा जास्त कामाचा वाटतो. दयेचं लक्ष पुष्कळदा स्वतःकडे असतं. माझं मन भरून आलं, मला बघवेना, मी उचललं. आनृशंस्यात प्रश्न समोरच्याचा आहे, त्याच्यावर क्रूरता होतेय का? आणि हे माझ्या भरून आलेल्या मनावरून कळत नाही. त्याच्याकडेच बघावं लागतं.

आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे जे काही अर्धंमुर्धं उत्तर आहे ते इथेच आहे. बंड्या ऑपरेशनला 'हो' म्हणू शकत नाही, तीन महिन्यांच्या तक्त्याला 'हो' म्हणू शकत नाही. पण आत्ताच्या पावलाला 'नाही' म्हणू शकतो, आणि म्हणतो. कान मागे जातात. काही खायला नसताना ओठ चाटतो. जांभई देतो. मान वळवून माझ्या हाताकडे बघतो. आणि सगळ्यात पक्कं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतं. काल जास्त झालं असेल तर आज लंगडणं वाढलेलं दिसतं, मग आजची मिनिटं कमी. डॉक्टरांच्या तक्त्यात १५ मिनिटं लिहिलेली असोत, ती वरची मर्यादा. आजचं माप बंड्या देतो. कधी कधी त्याचा 'नाही' दुखण्याचा असतो की नुसत्या कंटाळ्याचा, हे मला अजूनही दर वेळी ओळखता येत नाही. गाजराचा तुकडा दाखवल्यावर उठला तर कंटाळा, एवढी एक ढोबळ परीक्षा आहे. पण बंड्या गाजरासाठी दुखतानाही उठेल, म्हणून तिच्यावरही फार विसंबता येत नाही.

श्लोकातला आहारही आमच्याकडे आला, पण तो थोडक्यात सांगते. वजन वाढलं की प्रत्येक पावलाला तो गुडघा जास्त सोसतो. म्हणून तूप-पोळी बंद, ३४ चे ३१ किलो झाले, आणि घरात सगळ्यात जास्त त्रास त्याला नाही, भरवणाऱ्यांना झाला. झोपेचंही तसंच, जाड गादी आणि दोन व्यायामांच्या मध्ये पुरेशी विश्रांती. स्नायू नुसता श्रमाने भरत नाही, श्रमानंतरच्या विसाव्यातही भरतो.

आठव्या आठवड्यानंतर एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं आणि मग चढ सुरू झाला. आम्ही टेकडीवर नाही जात, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पुरतो. चढताना वजन मागे जातं, मागच्या पायांना काम मिळतं. जमिनीवर चार काठ्या अंतरा-अंतराने ठेवून त्यावरून पाय उचलत चालवायचं. आणि सगळ्यात साधा, सगळ्यात कठीण व्यायाम म्हणजे बसणं आणि उठणं. भिंतीला लागून बसवायचं, म्हणजे दुखरा पाय बाजूला फाकवून पळवाट काढता येत नाही. मग उभं राहायचं. पाच वेळा. टॉवेल आता खुंटीवर असतो.

दोन्ही मांड्यांच्या घेरात साडेतीन सेंटिमीटरचा फरक होता, तो दीडवर आलाय. डॉक्टर म्हणाले, या वयात उरलेला दीड भरेलच असं नाही. जिना बहुधा कायमचा गेला. डाव्या पायाची धास्ती आहेच.

आजीला माझं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. पण संध्याकाळी बस-उठ करायची वेळ झाली की ती खुर्ची ओढून समोर बसते, वाटीत गाजराचे तुकडे घेऊन, आणि मोजते. परवा चौथ्यांदा उठल्यावर तिने वाटी पदराखाली घेतली.

"आजी, पाच सांगितलेत."

"झाले चार. बघ त्याच्याकडे."

बंड्या ओठ चाटत होता आणि वाटी कुठे गेली हेही बघत नव्हता. त्या दिवशी चारच झाले.

उद्या अठरावा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी!